अमेरिकेच्या वाळवंटी आणि डोंगरी उद्यानांत ट्रेलर घेऊन मुक्काम – सीमाभागातून मुलांकडे जाणाऱ्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असलेली घरे आता गल्लोगल्ली सापडतात. आई-वडील तिकडे जातात, पहिला महिना नातवंडांत निघून जातो आणि मग एके दिवशी जेवताना मुलगा विचारतो, "बाबा, सुट्टीत ट्रेलर भाड्याने घेऊन वाळवंटात जाऊ या का?" आमच्या घरी असेच झाले. मार्चअखेरीस दक्षिण कॅलिफोर्नियातून निघून जोशुआ ट्री, डेथ व्हॅली, झायन आणि ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ अशी सोळा दिवसांची फेरी आम्ही केली. गाडी मुलाने चालवली. मागे उभे राहून ट्रेलर जागेवर लावून घेणे, पाण्याचा हिशोब ठेवणे आणि निघण्यापूर्वीची तपासणी करणे ही कामे माझ्याकडे आली. पहिल्या चार दिवसांत ती मला येत नव्हती आणि त्यामुळे झालेले नुकसान आम्हीच भरले.

ट्रेलर म्हणजे स्वतःचे इंजिन नसलेले, पिकअप गाडीच्या मागे जोडून ओढायचे छोटे घर. त्यात पलंग, शेगडी, फ्रिज, संडास आणि पाण्याच्या टाक्या असतात. चालवणारा कितीही तरबेज असला तरी ट्रेलरला दुसरा माणूस लागतोच. म्हणून पुढील सूचना चालवणाऱ्यासाठी आहेत, तशाच त्याच्या शेजारी बसणाऱ्या आई-वडिलांसाठीही आहेत.

१. आधी हंगाम ठरवा, मग उद्यान

वाळवंट आणि डोंगर यांचे हंगाम एकमेकांच्या उलट आहेत. डेथ व्हॅली आणि जोशुआ ट्री ही वाळवंटी उद्याने ऑक्टोबर ते एप्रिल या काळातच ट्रेलरने करावीत. डेथ व्हॅलीतील फर्नेस क्रीक येथे १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले गेले होते, आणि आजही तेथे जुलैमध्ये दुपारचा पारा ४५ अंशांच्या वर असणे ही रोजची गोष्ट आहे. ट्रेलरच्या पातळ भिंती अशा उन्हात टिकाव धरत नाहीत. उन्हाळ्यात डेथ व्हॅलीत गाडी नेण्यास मनाई करणारे कलम भाड्याच्या काही करारांत असते, ते वाचल्याशिवाय सही करू नका.

याउलट रॉकी माउंटन, ग्लेशियर, यलोस्टोन ही डोंगरी उद्याने जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत सोयीची असतात, कारण त्याआधी उंचावरचे रस्ते बर्फाने बंद असू शकतात. ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ वर्षभर खुला असतो, पण तो सुमारे २,१०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या बेळगावच्या जवळजवळ तिप्पट. एप्रिलमध्ये तेथे आमची पाण्याची नळी रात्रीत गोठून काठीसारखी झाली होती. ग्रँड कॅन्यन ज्या राज्यात आहे त्या उष्ण ॲरिझोनाचे नाव ऐकून केवळ सुती कपडे भरू नका.

२. कागदपत्रे बेळगावातच पूर्ण करा

सोबत ठेवायच्या कागदांची यादी लांबलचक नाही, पण त्यातले इकडचे कागद तेथे गेल्यावर मिळवता येत नाहीत किंवा मिळवताना फार त्रास होतो.

– पारपत्र, व्हिसा आणि अमेरिकेत प्रवेश केल्यावर ऑनलाइन मिळणाऱ्या आय-९४ नोंदीची छापील प्रत.
– आपला मूळ वाहन परवाना आणि आंतरराष्ट्रीय वाहन परवाना. हा परवाना आपल्या प्रादेशिक परिवहन कार्यालयातून नमुना ४-अ भरून मिळतो. बेळगाव आणि खानापूरकरांसाठी ते बेळगावचे, तर निपाणी परिसरासाठी चिकोडीचे कार्यालय. शुल्क १,००० रुपये असते आणि मुदत जास्तीत जास्त एक वर्षाची.
– प्रवासी आरोग्य विमा आणि नेहमीच्या औषधांची डॉक्टरांनी इंग्रजीत लिहून दिलेली चिठ्ठी.
– ट्रेलरची नोंदणी, विमा आणि भाडेकरार. हे मूळ कागद गाडीतच असावेत.
– प्रत्येक मुक्कामाच्या आरक्षणाची छापील प्रत, कारण उद्यानांत मोबाइलची रेंज बहुधा नसते.

भारतीय परवान्यावर पाहुण्यांना कॅलिफोर्नियात साधी मोटार चालवता येते, पण त्याच परवान्यावर ट्रेलर ओढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रस्त्याची बाजू उलटी, गाडी अनोळखी, मागे पाऊण मजली घर आणि विम्याच्या अटी वेगळ्या, एवढे सगळे एकदम नको. ओढणारी गाडी तेथे राहणाऱ्या मुलानेच चालवावी. कॅलिफोर्नियातील नेहमीच्या मोटारीच्या परवान्यावर १०,००० पौंडांपर्यंतच्या कमाल वजनाचा घरगुती वापराचा ट्रेलर ओढता येतो, आणि भाड्याने मिळणारे बहुतेक ट्रेलर त्याच्या आत बसतात.

प्रवेशशुल्काबाबत एक मोठा बदल लक्षात ठेवा. १ जानेवारी २०२६ पासून राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास अमेरिकेच्या रहिवाशांना ८० डॉलरला, तर परदेशी पाहुण्यांना २५० डॉलरला मिळतो. शिवाय ज्या अकरा गर्दीच्या उद्यानांत पास नसलेल्या परदेशी पाहुण्याला नेहमीच्या शुल्कावर माणशी १०० डॉलर जादा द्यावे लागतात, त्यांत ग्रँड कॅन्यन, झायन, रॉकी माउंटन, ग्लेशियर आणि यलोस्टोन आहेत. जोशुआ ट्री आणि डेथ व्हॅली त्या यादीत नाहीत. ज्येष्ठांचा स्वस्त पास ६२ वर्षांवरील नागरिकांना आणि कायम रहिवाशांना मिळतो. आपले केस कितीही पांढरे असले तरी पर्यटक व्हिसावर तो मिळत नाही, हे मी खिडकीवर विचारून ओशाळलो आहे. पैसे कार्डानेच द्यावेत. डेथ व्हॅलीत रोख रक्कम घेतच नाहीत.

३. ट्रेलर निवडताना दिखाऊपणापेक्षा फूटपट्टी महत्त्वाची

मुलांना मोठा ट्रेलर आवडतो. तुम्ही लहानाचा आग्रह धरा. उद्यानांतील मुक्कामाच्या जागा पूर्वीच्या छोट्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या आहेत आणि प्रत्येक जागेला लांबीची मर्यादा आहे. ग्रँड कॅन्यनच्या माथर कॅम्पग्राउंडमध्ये ३० फुटांपेक्षा लांब गाडी चालत नाही. जोशुआ ट्रीतील हिडन व्हॅली आणि व्हाइट टँक येथे गाडी आणि ट्रेलर मिळून २५ फूट ही मर्यादा आहे. म्हणजे ओढणारी गाडीच १९ फुटांची असेल तर ट्रेलरला जागा उरतच नाही. आम्ही २० फुटांचा ट्रेलर घेतला होता. जाहिरातीतली लांबी कधी फक्त खोलीची असते आणि पुढचा दांडा त्यात धरलेला नसतो. तेव्हा दांड्याच्या टोकापासून मागच्या बंपरपर्यंत स्वतः टेप लावून मोजा आणि तो आकडा वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा, कारण पुढे प्रत्येक ठिकाणी तोच विचारतात.

ट्रेलर ताब्यात घेताना टायरच्या बाजूवरची निर्मितीची तारीख पाहा. चार अंकी क्रमांकातले पहिले दोन अंक आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे असतात. नक्षी नवीकोरी दिसत असली तरी उन्हात वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या ट्रेलरचे टायर आतून वाळलेले असतात. आमच्या मालकाने "टायर उत्तम आहेत" असे सांगितले होते आणि तिसऱ्या दिवशी बार्स्टोच्या पुढे त्यातला एक फाटला. टायर आठ वर्षांचा होता.

४. जागेचे आरक्षण बेळगावातून करता येते

सरकारी उद्यानांतील बहुतेक मुक्कामाच्या जागा रिक्रिएशन डॉट जीओव्ही या संकेतस्थळावर मिळतात. जोशुआ ट्री आणि माथर येथील जागा सहा महिने आधी, पॅसिफिक वेळेनुसार सकाळी सात वाजता खुल्या होतात. तेव्हा मुले कामावर निघण्याच्या घाईत असतात, पण आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात, आणि तिकडच्या हिवाळी वेळेत साडेआठ. म्हणून आमची सर्व आरक्षणे मी टिळकवाडीतल्या घरातून, दिवाबत्ती झाल्यावर केली. आधी खाते उघडून ठेवा, जागेचा क्रमांक नकाशावर निवडून ठेवा आणि ठरलेल्या क्षणी बटण दाबा. दहा मिनिटे उशीर झाला तर चांगल्या जागा गेलेल्या असतात.

डेथ व्हॅलीतील फर्नेस क्रीकचे आरक्षण १५ ऑक्टोबर ते १५ एप्रिल या काळासाठीच असते. तेथे वीज, पाणी आणि सांडपाणी या तिन्हींची जोडणी, ज्याला तिकडे फुल हुकअप म्हणतात, ती केवळ १८ जागांना आहे. जोशुआ ट्री उद्यानात एकाही जागेला अशी जोडणी नाही. ग्रँड कॅन्यनमध्ये ती माथरला नाही, पण शेजारच्या ट्रेलर व्हिलेजमध्ये आहे. झायनमध्ये वॉचमन या नावाच्या जागी काही रांगांना विजेची जोडणी मिळते. वॉचमन हे समोरच्या शिखराचे नाव आहे, तेथे राखणदार असतो असे समजून मी पहिल्या रात्री निर्धास्त झोपलो होतो.

सगळे मुक्काम जोडणीविना घेऊ नका आणि सगळे जोडणीचेही घेऊ नका. दोन-तीन रात्री जोडणीविना आणि मग एक रात्र जोडणीची, असा क्रम ठेवला तर टाक्या रिकाम्या होतात, बॅटरी भरते आणि खर्चही आटोक्यात राहतो.

५. वजन कोठे ठेवायचे

ही गोष्ट आपल्या भागातल्या माणसाला वेगळी शिकवावी लागत नाही. गळीत हंगामात उसाची ट्रॉली भरून चढावर निघालेल्या ट्रॅक्टरची पुढची चाके उचललेली आपण पाहिली आहेत. मागचा भार हुकावर नको इतका पडला की पुढच्या चाकांची पकड सुटते आणि चालकाने स्टिअरिंग कितीही फिरवले तरी ट्रॅक्टर वळत नाही. ट्रेलरचेही तेच गणित आहे. ज्या लोखंडी बॉलवर ट्रेलरचा दांडा बसतो, त्या बॉलवर ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार यावा. त्याहून अधिक झाला तर पुढची चाके हलकी होतात. त्याहून कमी झाला, म्हणजे सामान ट्रेलरच्या मागच्या भागात कोंबले, तर वेग वाढताच ट्रेलर डावीकडे-उजवीकडे झोके घेऊ लागतो, आणि हे पहिल्या चुकीपेक्षा कितीतरी भयंकर आहे.

म्हणून जड सामान, म्हणजे तांदळाची पिशवी, पाण्याचे कॅन, हत्यारांची पेटी, चाकांच्या किंचित पुढे आणि जमिनीलगत ठेवा. मागच्या कपाटात फक्त अंथरूण-पांघरूण भरा. ट्रेलर झोके घेऊ लागलाच तर जोरात ब्रेक दाबू नये आणि स्टिअरिंगने झोक्यांशी झुंजू नये. पाय हळूच ॲक्सिलरेटरवरून काढावा आणि हाताशी असलेल्या नियंत्रकाने फक्त ट्रेलरचा ब्रेक लावावा. तो नियंत्रक कोठे आहे आणि कसा दाबायचा हे निघण्यापूर्वी रिकाम्या मैदानात करून पाहावे.

६. ट्रेलर मागे घेणे : ट्रॉलीवाल्याची शिकवणी

जाण्यापूर्वी ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानात, ऊस तुटून गेल्यावर, दोन चाकांची रिकामी ट्रॉली मागे घेण्याचा सराव मुलगा सुट्टीवर आलेला असताना जरूर करून घ्या. आम्ही तो येळ्ळूरजवळच्या एका शेतात केला. शेतकऱ्याने मुलाला पहिल्याच फेरीत सांगितले, "गाडीकडं बघू नका साहेब, ट्रॉलीच्या चाकाकडं बघा." अमेरिकेतील शिकवणीत पैसे मोजूनही याहून अधिक काही ऐकायला मिळाले नाही.

अडचण अशी असते की मागे घेताना स्टिअरिंग उजवीकडे फिरवले तर ट्रेलर डावीकडे जातो. यावर उपाय म्हणजे हात स्टिअरिंगच्या वरच्या भागावर न ठेवता तळाशी, घड्याळात सहा वाजतात त्या जागी ठेवायचा. मग ट्रेलरचा मागचा भाग ज्या बाजूला न्यायचा आहे, त्याच बाजूला हात सरकवायचा. हालचाली लहान ठेवाव्यात. ट्रेलर वाकडा होऊ लागला की हट्ट न करता पुढे जाऊन सरळ करावा आणि पुन्हा सुरुवात करावी.

आता मागे उभ्या राहणाऱ्याचे काम. तुम्ही चालकाला आरशात दिसत नसाल तर तुमचे ओरडणे निरुपयोगी आहे. म्हणून नेहमी चालकाच्या बाजूला, ट्रेलरच्या मागच्या कोपऱ्यापासून थोडे दूर, आरशात दिसेल असे उभे राहा. ट्रेलर आणि झाड किंवा दगड यांच्या मधे कधीही उभे राहू नका. 'डावीकडे', 'उजवीकडे' हे शब्द टाळा, कारण तुमची डावी आणि त्याची डावी यांत घोळ होतो. हात ज्या बाजूला दाखवाल तिकडे ट्रेलरचा मागचा भाग जावा आणि दोन्ही हात वर म्हणजे तत्काळ थांबणे, एवढ्या दोनच खुणा आधी ठरवा. खाली पाहताना वर पाहायला विसरू नका. आमच्या छतावरील वातानुकूलन यंत्राचे झाकण एका वाकड्या फांदीने उडवले, तेव्हा मी अगदी मन लावून चाकाजवळचा दगड पाहत होतो.

७. रस्ता, घाट आणि जेथे ट्रेलर जाऊच शकत नाही अशी ठिकाणे

कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर, एवढीच वेगमर्यादा आहे. फलकावर ७० लिहिलेले असले तरी ते तुमच्यासाठी नाही. इंधनाचा खर्च जवळजवळ दुप्पट धरा. तिकडे 'गॅस' म्हणजे पेट्रोल आणि शेगडीच्या सिलिंडरमधला तो 'प्रोपेन', हे आधीच पाठ करून ठेवा. जोशुआ ट्री उद्यानाच्या आत पेट्रोल मिळत नाही, तेव्हा शेजारच्या गावातच टाकी भरून घ्या.

तवंदी घाटातले जुने ट्रकवाले सांगत, की ज्या गिअरमध्ये चढायचे त्याच गिअरमध्ये उतरायचे. डेथ व्हॅलीत पश्चिमेकडून उतरताना, सुमारे ५,००० फुटांवरील टाउन पासपासून समुद्रसपाटीपर्यंत येईस्तोवर, मला त्यांची पदोपदी आठवण झाली. उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसलात तर ब्रेक तापून निकामी होतात. उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर घ्यावा, वेग वाढला की ब्रेक ठामपणे दाबून वेग कमी करावा आणि लगेच सोडावा. मागे गाड्या साचल्या तर रस्त्यालगतच्या रुंद जागेत थांबून त्यांना जाऊ द्यावे. पाच गाड्या साचल्या की असे थांबणे कॅलिफोर्नियातील दुपदरी रस्त्यावर कायद्यानेच बंधनकारक आहे.

मोबाइलवरील नकाशाला तुमच्या मागे ट्रेलर आहे हे ठाऊक नसते. पुढील ठिकाणे त्याच्या भरवशावर सोडू नका. झायनच्या पूर्वेकडे जाणारा १९३० सालचा, सुमारे १.८ किलोमीटर लांबीचा बोगदा त्या काळच्या गाड्यांसाठी खोदलेला आहे; त्यासाठी ठरवलेली मर्यादा ११ फूट ४ इंच उंची आणि ७ फूट १० इंच रुंदी अशी आहे, तर ट्रेलर साधारणपणे ८ फूट रुंद असतो. म्हणून तो मार्ग ट्रेलरसाठी नाहीच असे समजा आणि हरिकेन गावावरून ५९ क्रमांकाच्या रस्त्याने वळसा घालून कॅनाबकडे निघा. डेथ व्हॅलीत इमिग्रंट ते वाइल्डरोझ या रस्त्यावर २५ फुटांहून लांब वाहनांना बंदी आहे. ग्लेशियरमधील गोइंग-टू-द-सन रस्त्याच्या ॲव्हलांच ते रायझिंग सन या डोंगरी टप्प्यात ट्रेलरसह २१ फुटांहून लांब वाहनाला सोडत नाहीत. रॉकी माउंटनमधील ३,७१३ मीटर उंचीपर्यंत जाणाऱ्या ट्रेल रिज रस्त्यावर ट्रेलर चालतो, पण तेथील ओल्ड फॉल रिव्हर रस्त्यावर चालत नाही. अशा वेळी ट्रेलर मुक्कामी सोडून नुसत्या गाडीने फिरावे. झायनच्या मुख्य दरीत तर वसंतापासून पानगळीपर्यंत खासगी गाड्याच सोडत नाहीत, उद्यानाची मोफत बस घ्यावी लागते.

८. मुक्कामी पोहोचल्यावरचा क्रम

हा क्रम चुकला की अपघात होतो, म्हणून तो कागदावर लिहून दाराच्या आत चिकटवा. प्रथम ट्रेलर आडव्या दिशेने समतल आहे का ते पाहा, आणि नसेल तर खालच्या बाजूच्या चाकांखाली ठोकळे टाकून त्यावर चढवा. मग चाकांना दोन्ही बाजूंनी पाचरी लावा. त्यानंतरच ट्रेलर गाडीपासून सोडवा. पाचरी लावण्यापूर्वी हुक सोडला तर ट्रेलर उताराने चालू लागतो आणि त्याला थांबवणारे कोणीच नसते. सोडवल्यावर पुढच्या जॅकने लांबीच्या दिशेने समतल करा आणि शेवटी चारही कोपऱ्यांचे आधारपाय टेकवा. हे आधारपाय डगमग थांबवण्यासाठी असतात, वजन उचलण्यासाठी नव्हे.

निघताना हेच उलट क्रमाने करायचे आणि शिवाय पुढची तपासणी करायची : बॉलवरची खीळ बसली आहे, दोन्ही सुरक्षा साखळ्या दांड्याखाली एकमेकींना छेद देऊन अडकवल्या आहेत, ट्रेलर तुटून सुटल्यास त्याचे ब्रेक आपोआप लावणारी तार गाडीला जोडली आहे, दिवे लागतात, पायरी आत आहे, छताच्या खिडक्या बंद आहेत, फ्रिजचे दार अडकवले आहे, प्रोपेन बंद आहे. सगळे झाल्यावर एकाने संपूर्ण फेरी मारावी आणि त्या वेळी कोणीही त्याच्याशी बोलू नये. आमच्या घरी ते काम माझे होते, आणि ज्या सकाळी सूनबाईंनी मधेच चहा दिला त्याच सकाळी पायरी बाहेर राहिली.

९. पाणी : एक टाकी भरायची, दोन रिकाम्या करायच्या

नळाला एक दिवसाआड पाणी येणारे घर ज्याने चालवले आहे, त्याला ट्रेलरमध्ये राहणे सोपे जाते. मुलांना ते जड जाते, कारण नळ सोडला की पाणी येते हेच त्यांना माहीत असते. आमच्या ट्रेलरची स्वच्छ पाण्याची टाकी ४० गॅलनची, म्हणजे सुमारे १५० लिटरची होती. चौघांनी तिकडच्या सवयीने अंघोळी केल्या तेव्हा ती एका दिवसात संपली. बादली-तांब्याच्या हिशोबाने तीच तीन दिवस पुरली. अंग ओले करायचे, नळ बंद, साबण, मग पुन्हा नळ.

जोशुआ ट्रीतील बहुतेक मुक्कामाच्या जागी पाण्याचा नळ नाही. टाकी गावातून भरून न्या आणि पिण्याचे पाणी वेगळ्या कॅनमध्ये ठेवा. डेथ व्हॅलीत प्रत्येकाने दिवसाला किमान एक गॅलन, म्हणजे जवळजवळ चार लिटर पाणी बाळगावे, असे उद्यानच सांगते. पण भरलेले पाणी म्हणजे वजनही. ४० गॅलनचे दीडशे किलो होतात. घाटापलीकडे नळ आहे हे निश्चित ठाऊक असेल तर घाट चढताना टाकी अर्धीच ठेवा.

ट्रेलरखाली आणखी दोन टाक्या असतात. एकीत मोरी आणि अंघोळीचे सांडपाणी जाते, दुसरीत संडासाचा मैला. सांडपाणी वाळवंटात कोठेही सोडून देणे हा गुन्हा आहे. "झाडाला पाणी होईल" हा आपला युक्तिवाद रेंजरसमोर चालत नाही. दोन्ही टाक्या फक्त डंप स्टेशनवर, म्हणजे त्यासाठीच ठरवून दिलेल्या जागी, रिकाम्या करायच्या. हातमोजे घाला, जाड नळी दोन्ही टोकांना घट्ट बसवा, आधी मैल्याची टाकी सोडा आणि मग सांडपाण्याची, म्हणजे मागून येणाऱ्या साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. जोडणीच्या जागी मुक्काम असला तरी मैल्याच्या टाकीची झडप उघडी ठेवू नका. ती उघडी ठेवली तर पाणी वाहून जाते, घट्ट भाग तळाशी साचून वाळतो आणि तो पुढे कशानेही निघत नाही. टाकी निम्म्याहून अधिक भरल्यावरच सोडावी. पाण्याने धुण्याची आपली सवय या टाकीला मानवते, स्वच्छ पाण्याच्या टाकीला मात्र नाही. म्हणून संडासासाठी एक वेगळा कॅन आणि तांब्या ठेवणे हा आम्ही शोधलेला मध्यममार्ग.

१०. वीज आणि स्वयंपाक

तिकडची वीज १२० व्होल्टची असते. इकडून नेलेला २३० व्होल्टचा मिक्सर किंवा इलेक्ट्रिक कुकर तेथे चालत नाही, तेव्हा तो बॅगेत भरूच नका. ट्रेलरची ३० अँपिअरची जोडणी म्हणजे एकूण ३,६०० वॅट. वातानुकूलन यंत्र, मायक्रोवेव्ह आणि चहाची किटली एकाच वेळी लावली की खटका पडतो. जोडणी नसलेल्या जागी सगळे बॅटरीवर असते, आणि थंडीच्या रात्री हीटरचा पंखाच ती बॅटरी पहाटेपर्यंत संपवू शकतो. झोपताना हीटर कमी ठेवून घोंगडी घ्यावी. जनरेटर लावण्याचे तास ठरलेले असतात, आणि झायनच्या वॉचमनमध्ये तर तो लावायलाच मनाई आहे.

प्रेशर कुकर मात्र अवश्य न्या. २,१०० मीटरवर पाणी सुमारे ९३ अंशांलाच उकळते, त्यामुळे उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर ठेवली तरी दातांखाली येते. फोडणी ट्रेलरमध्ये देऊ नका. मोहरी तडतडण्याआधी धुराचा भोंगा वाजतो आणि शेजारचे लोक मदतीला धावतात. बाहेरच्या टेबलावर लहान शेगडी ठेवून फोडणी द्यावी.

सर्वांत उपयोगी शिदोरी आपल्याकडचीच आहे. कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, चिरमुरे. यांना पाणी लागत नाही, गॅस लागत नाही आणि वाळवंटाच्या कोरड्या हवेत ती मऊ पडत नाहीत. खाण्याचा प्रत्येक पदार्थ विमानतळावर जाहीर करा. ताजी फळे, बिया आणि मांस नेऊ नका. कुंद्याबद्दल विचारले तर दुधाची मिठाई असे सरळ सांगा. काढून घेतला तर घेऊ द्या. लपवल्याचा दंड कुंद्यापेक्षा फार महाग पडतो.

११. वारा, ओढा आणि अस्वल

वाळवंटात वसंत ऋतूमध्ये वारा अचानक उठतो. ट्रेलरच्या बाजूचे कापडी छत उघडे ठेवून फिरायला जाऊ नका. जोशुआ ट्रीत आम्ही अर्ध्या तासासाठी गेलो आणि परतलो तेव्हा छताची एक दांडी वाकून ट्रेलरच्या भिंतीला टेकली होती. अनामत रकमेतून सर्वांत मोठी कपात त्याचीच झाली.

कोरड्या ओढ्याच्या पात्रात, ते कितीही सपाट आणि वाळूचे असले तरी, मुक्काम करू नये. जुलै ते सप्टेंबरमध्ये तिकडेही पावसाळी वादळे येतात, आणि मैलभर दूर पडलेल्या पावसाचे पाणी डोक्यावर निळे आकाश असताना ओढ्यातून लोटत येते.

डोंगरी उद्यानांत अस्वलांचा विचार करावा लागतो. यलोस्टोनमधील फिशिंग ब्रिज येथे अस्वलांच्या वावरामुळे कापडी तंबूंना परवानगीच नाही, फक्त कडक भिंतींच्या ट्रेलरना आहे. अन्न, उष्टी भांडी, टूथपेस्ट, सुगंधी तेल यांतले काहीही बाहेर ठेवू नका. अस्वल आणि लांडग्यापासून १०० यार्ड, इतर प्राण्यांपासून २५ यार्ड अंतर ठेवण्याचा तेथील नियम आहे. हरणाला चिरमुरे टाकणाऱ्या आमच्या घरच्या मंडळींना रेंजरने नम्रपणे, पण नाव लिहून घेऊन समज दिली.

१२. ट्रेलर परत करताना

तिन्ही टाक्या रिकाम्या करून द्या, अन्यथा त्याचे वेगळे पैसे कापतात. ताब्यात घेतानाच चारही बाजू, छत, टायर आणि आतील प्रत्येक कपाट यांचे तारीख दिसेल असे चित्रीकरण करून ठेवलेले असावे, आणि परत देताना मालकाच्या उपस्थितीत तसेच पुन्हा करावे. टायर फाटल्यावर नव्या टायरची पावती आणि जुन्या टायरवरच्या तारखेचा फोटो आमच्याकडे होता, म्हणून ते पैसे मालकाला परत द्यावे लागले. छताच्या दांडीचा आणि वातानुकूलन यंत्राच्या झाकणाचा फोटोही होता, पण तो त्याच्या बाजूचा होता.